पुनर्विकासाला जाणारे ४० वर्षांचे घर: काय काढायचे, कुठे द्यायचे, कोणत्या क्रमाने

उंबरठा

पुनर्विकासाची ताबा द्यायची तारीख हातात पडली की घरोघरी एकच घडते. आठवडाभर कपाटे उपसली जातात, हॉलमध्ये ढीग लागतो आणि शेवटच्या रात्री तोच ढीग खोक्यांत कोंबून भाड्याच्या घरी जातो. तिथे माळा नसतो, त्यामुळे निम्मी खोली तीन वर्षे अडते. सगळे म्हणतात, जुन्या वस्तूंवरची माया सुटत नाही. माया असतेच. पण "हे नको" असे ठरल्यावरही ती वस्तू दाराबाहेर जाणार कशी, कोण नेणार, कधी नेणार, हे कुणी ठरवलेले नसते. खरी गाडी तिथे अडते. म्हणून हा धागा वाटांचा आहे. कोणती वस्तू कुठे जाते हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी लिहावे.

माझी पद्धत अशी. एक २०० पानी वही. पाच रकाने: वस्तू, नग किंवा अंदाजे किलो, कुठे जाणार, कोण नेणार, कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचे दोन रकाने कोरे असतील तर वस्तू जागेवरून हलवायची नाही. भरले असतील तर ती सात दिवसांच्या आत घराबाहेर गेली पाहिजे. आठव्या दिवशी कुणीतरी पिशवी उघडून बघतो आणि निम्मे सामान परत कपाटात जाते.

निदान ६० दिवस धरा. क्रम: आधी कागद, मग माळा, मग कपडे, भांडी, पुस्तके आणि शेवटी फर्निचर. कागद आधी, कारण त्यांतून जे निघते त्यावर बँकेत आणि पोस्टात खेटे घालावे लागतात. माळा दुसरा, कारण तिथल्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो.

माळ्यासाठी तीन माणसे: एक वर, एक खाली झेलायला, एक वही घेऊन. ८ फूट बाय ३ फुटांचा भरलेला माळा चार तास खातो. कबुतरांची घाण असेल तर कोरडा झाडू लावू नका. पाण्याचा फवारा मारून ओले करा, एन-९५ मास्क लावा आणि मगच खरवडा. ती कोरडी धूळ फुप्फुसांना बाधते. स्टुलावर स्टूल ठेवून कुणी चढू नये. घडीची शिडी एका दिवसासाठी भाड्याने मिळते.

मधुरा_ठाणे

फार उपयोगी धागा. माळ्यावर सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी आहेत, अंदाजे ३० किलो. घंगाळ, बंब, दोन हंडे, परात, डबे. भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून द्यावीत की भंगारवाल्याला?

कसोटी

मधुराताई, आधी धातू वेगळे करा. सगळे एका गोणीत गेले की सगळ्याला हलक्या धातूचा भाव लागतो.

लोहचुंबक घ्या. चिकटले तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. मग बुडाशी, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीने जरासे घासा. लाल निघाले तर तांबे, पिवळे निघाले तर पितळ. बंब बहुतेक तांब्याचा असतो, नळ पितळेचा, आतली जाळी आणि पाय लोखंडी. जाळी काढून घ्या, नळ उघडून वेगळा करा. तसाच दिला तर दुकानदार "घट" म्हणून जे वजन कापतो ते लोखंडाच्या खऱ्या वजनाहून नेहमी जास्त असते. समईच्या दांड्यात कधी लोखंडी सळई असते. आटे सोडवून बघा.

पितळेच्या ढिगात काशाची भांडी हमखास मिसळलेली असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कासे म्हणजे तांबे आणि कथील, साधारण ७८ ला २२. कथील महाग, म्हणून काशाच्या मोडीला पितळेपेक्षा चांगला भाव मिळतो. ओळख आवाजाने होते. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि लाकडी चमच्याने हलकी टिचकी द्या. काशाचा नाद लांबत जातो, पितळेचा लगेच विरतो. टिचकी हलकीच द्या. पितळ आपटले तर पोचते, कासे तडकते.

"चांदीची" म्हणून जपलेली ताम्हने आणि अत्तरदाण्या पुष्कळदा जर्मन सिल्व्हरच्या निघतात. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते. सराफाकडे तपासून घ्या, मगच वहीत लिहा.

कुठे द्यायचे ते भांड्याच्या अवस्थेवर आहे. फुटके, झाळ लावलेले असेल तर मोड. त्या दिवशीचा भाव तीन दुकानांत विचारा, तो रोज हलतो. घंगाळ, हंडा, परात धड असतील तर मोडीत घालू नका असे मी कळकळीने सांगेन. हाताने ठोकून घडवलेला हंडा आज नवा घ्यायला गेलात तर मोडीच्या कितीतरी पट पैसे पडतात. वापरणारे घर नात्यात शोधा. कल्हई करून दिले तर माणसे आनंदाने घेतात. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोकाईची कामे होतात, पोचा काढून मिळतो.

एक विनंती. जुन्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेले असते: कोणाकडून, कोणास, कोणत्या तारखेला. भांडे देण्याआधी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवा. अक्षर न् अक्षर उमटते. कागद वहीत चिकटवा आणि भांडे जाऊ द्या. फोटोत ही टिंबे चकाकीमुळे नीट येत नाहीत.

उंबरठा

ठशाची सूचना अप्रतिम. आणखी एक, काट्याबद्दल. दारावर येणाऱ्याचा काटा आधी तपासावा. १ लिटरच्या १० सीलबंद पाण्याच्या बाटल्या गोणीत घालून लटकवा. काटा १० किलोच्या किंचित वर दिसायला हवा. ७ किंवा ८ दाखवत असेल तर दुसरा माणूस बघा. वाद घालत बसू नका.

दप्तरखाना

कागदांवर सविस्तर लिहितो, कारण यातली चूक परत दुरुस्त होत नाही.

एकही फाइल न उघडता रद्दीत टाकायची नाही. पुस्तक असो वा मासिक, पाठीला धरून उलटे करून झटकायचे. आपल्याकडे महत्त्वाचा कागद गादीखाली, पोथीत, साडीच्या घडीत आणि देवघराच्या खणात ठेवायची रीत आहे. त्यामुळे या चार जागा दोनदा बघा.

कायम ठेवायचे: घराची आधीपासूनची सगळी करारपत्रांची साखळी, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), मुद्रांक शुल्काच्या पावत्या, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचे सातबारा आणि फेरफार, वारसाचे कागद, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, जातीचा दाखला आणि त्याचे जुने पुरावे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जात पडताळणीच्या वेळी सोन्यासारखा उपयोगी पडतो. तो फाटका, पिवळा दिसतो म्हणून नेमका तोच फेकला जातो.

पुनर्विकासाच्या घरात मूळ करार आणि शेअर सर्टिफिकेट खोक्यात भरू नका. ते तुमच्या हातातल्या पिशवीत राहतील. घर २००१ च्या आधीचे असेल तर भांडवली नफा काढताना १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत धरता येते. म्हणून जुने मूल्यांकन अहवाल सापडले तर तेही ठेवा.

मुदतीने ठेवायचे: प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि त्यांचे पुरावे, माझ्या हिशेबाने ८ वर्षे. घराच्या मोठ्या दुरुस्तीची बिले घर विकेपर्यंत, आणि पुढे ८ वर्षे. विजेची, फोनची, गॅसची जुनी बिले निर्धास्त काढा. फक्त शेवटचे एकेक बिल ठेवा.

आता ज्यांना "जुनाट कागद" म्हणतात ते. कंपनीचे कागदी शेअर सर्टिफिकेट मिळाले तर जपा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद आहे, पण मालकी जात नाही. डीमॅट करून घ्यावे लागते. सलग ७ वर्षे लाभांश उचललेला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तिथूनही दावा करून परत मिळतात. बँकेचे पासबुक १० वर्षे न हललेले असेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा आणि दावा मूळ बँकेतच करा. शोधताना आईच्या माहेरच्या नावानेही शोधा. जुन्या खात्यांवर तेच नाव असते.

मधुरा_ठाणे

दप्तरखाना, जुन्या ५०० च्या नोटा निघाल्या तर? डब्यात तळाशी १४ आहेत.

दप्तरखाना

नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या असतील तर त्या आता कुठेही बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याने अशा नोटा सगळ्या मिळून १० पेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. तुमच्याकडे १४ आहेत, म्हणजे ही मर्यादा ओलांडली जाते. "बदलून देतो" म्हणणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नका.

२००० च्या नोटेचे वेगळे आहे. ती १९ मे २०२३ ला चलनातून काढून घेतली, पण कायदेशीर चलन म्हणून रद्द केलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत जमा करता येते. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर.

नऊवारी

कपड्यांचे मी लिहिते.

बोहारीण धड कपडे घेते, म्हणजे तिला ते बाजारात पुन्हा विकता आले पाहिजेत. पँट, शर्ट, सिंथेटिक साडी, स्वेटर चालतात. विटलेले सुती, टाके उसवलेले, डाग पडलेले ती बाजूला काढते. त्यावरून तिच्याशी घासाघीस करू नका, तो तिच्या पोटाचा हिशेब आहे. विटलेले सुती निराळे ठेवा, ते गोधडीला लागते.

गोधडीसाठी दोन मऊ नऊवारी बाहेरून आणि तीन-चार सुती साड्या आत. यात नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळले की थर आत सरकतात, धाग्याला चुण्या येतात आणि पांघरल्यावर घाम येतो. काठ आधी उसवून काढा, जाड काठावर सुई अडते. सगळे कापड एकदा गरम पाण्यातून काढून वाळवा. नाहीतर शिवल्यावर एक थर आटतो आणि गोधडीला पोट येते.

जरीच्या साड्या. "जुन्या जरीला रोख पैसे" म्हणून हाक देत येणारा माणूस साडी नेसायला नेत नाही. काठ जाळून त्यातली चांदी काढतो. त्यामुळे नेसण्याजोगी पैठणी त्याला देऊ नये. साडी घडीवर विरून फाटत असेल, हातात धरली की चिरत असेल, तरच तो मार्ग. आधी जरीचा धागा कशाचा ते ओळखा. पदराच्या दशीतून जरीचा एक धागा सोडवा, नखाएवढाच पुरतो. ब्लेडच्या धारेने वरचा रंग खरवडा. खाली पांढरी चमक दिसली तर चांदी आहे. तांबूस दिसली तर तांब्यावर मुलामा. ज्योतीवर धरताच वितळून काळा मणी झाला तर ती प्लॅस्टिकची पट्टी. भाव विचारताना "साडीच्या वजनावर की जरीच्या वजनावर?" हा एक प्रश्न आधी विचारा.

ज्या ठेवायच्या त्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकता कामा नये, ती काळी पडते. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला.

आणि ब्लाऊजपीस! प्रत्येक घरात ओटीच्या खणांचा गठ्ठा असतोच. तो पुन्हा ओटीत भरत राहिला तर फक्त घरोघर फिरतो. ८० सेंटीमीटरच्या एका तुकड्यात भाजीच्या दोन पिशव्या निघतात. शिवणकाम शिकवणाऱ्या वर्गांना सरावासाठी तुकडे हवे असतात. तिथे ५० ते १०० एकदम जातात.

वाचनवेल

पुस्तकांबद्दल थोडेच. खोके लहान घ्या. फूटभर ओळीत रचलेली पुस्तके ८-१० किलो भरतात. मोठ्या खोक्याचा तळ जिन्यात फाटतो. ग्रंथालयाला थेट टेम्पो नेऊ नका. आधी लेखक, नाव, साल अशी यादी पाठवा. ती माणसे त्यांच्याकडे नसलेली पुस्तके खूण करून देतात, बाकी परत फिरतात. पाठ्यपुस्तके, गाईडे, जुने विश्वकोशी संच बहुतेक ठिकाणी नाकारतात. दिवाळी अंकांचा सलग संच असेल तर तो एकत्रच द्यावा. सुटे अंक काढून घेतले की संचाचे मोल जाते.

पोथ्या, मोडी लिपीतले कागद, हस्तलिखिते रद्दीत मुळीच नाहीत. मोडी वाचता येत नाही म्हणून "हिशेबाचे काहीतरी" समजून टाकतात, आणि त्यात गावाचा, वतनाचा, पिकांचा इतिहास असतो. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद सांभाळत आले आहे. आधी तिथे किंवा जवळच्या मोडी जाणकाराला दाखवा. कागद उन्हात टाकू नका, सेलोटेप लावू नका. सावलीत मोकळे करा आणि सुती रुमालात बांधा.

परदेशी राहणारी मुले देवघरातली जुनी मूर्ती किंवा पोथी घेऊन जायची म्हणतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती आणि ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर अडकण्यापेक्षा आधीच ठरवा.

सर्किट

विजेच्या वस्तू. फ्रिज, टीव्ही, संगणक यांना २०२२ चे ई-कचरा नियम लागू आहेत, १ एप्रिल २०२३ पासून. देताना "अधिकृत नोंदणी आहे का" एवढे विचारा. साध्या भंगारवाल्याला फ्रिजमध्ये रस फक्त कॉम्प्रेसरच्या तांब्यात असतो. तो नळी कापतो आणि गॅस हवेत जातो. फुगीर काचेच्या जुन्या टीव्हीतून तांब्याची गुंडाळी काढून घेतात आणि शिसे असलेली काच नाल्यात टाकतात. म्हणून या वस्तू न उघडता, अख्ख्या द्या. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक भगिनी घरोघर कचरा घेतात, तिथे चौकशी करता येते.

इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्या. वजन कमी करायला ॲसिड मोरीत ओतणे हा मूर्खपणा आहे. फरशी जाते, पाइप जातो, अंगावर उडाले तर डोळा जातो. बॅटरीचे दुकान तिच्या वजनावर पैसे देते.

फुगलेला मोबाइल किंवा पॉवर बँक दाबू नका, टोचू नका, चार्ज करून बघू नका. कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून संकलन केंद्रावर न्या. इतर बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. डब्यात टोकाला टोक लागून पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.

पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल दिवे, ट्यूब सुक्या कचऱ्यात नकोत. जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद बरणीत ठेवून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्या. रक्तदाबाच्या जुन्या उभ्या यंत्रात थर्मामीटरच्या कितीतरी पट पारा असतो, ते आडवे करून नेऊ नका. इन्शुलिनच्या सुया जाड बाटलीत, झाकण चिकटवून, वर "सुया" असे लिहून.

रंधा

फर्निचरबद्दल खरे सांगतो, वाईट वाटेल. प्लायवूडच्या कपाटाला पुनर्विक्री जवळपास नाही. बनवताना कितीही पैसे गेलेले असोत. खोलून नेणारा उलट मजुरी मागतो. ते मान्य करून लवकर द्या.

सागवान, शिसवी वेगळे. मागच्या बाजूला, पॉलिश नसलेल्या जागी पटाशीने चिमूटभर कापून बघा. सागवान तेलकट लागते आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास येतो. जुन्या लाकडाच्या वखारीत फळीच्या लांबी-जाडीवर भाव होतो, खिळे असतील तर कमी. देण्याआधी बारीक भोके आणि खाली पिठासारखी पूड दिसते का बघा. तो भुंगा. असे लाकूड कुणाला दान करू नका, त्याच्या घरातल्या लाकडालाही लागतो.

आणि पुनर्विकासात एक गोष्ट नक्की बघा: ग्रिल, दारे, खिडक्या, कडप्पा काढून न्यायचा हक्क करारात कुणाला दिला आहे? बऱ्याच करारांत ते विकासकाकडे जाते. सागवानी दार काढायचे असेल तर आधी लेखी परवानगी.

शशिकला_नाशिक

उंबरठा, माळा दुसरा हा क्रम मला पटत नाही. घरात ७५-८० वर्षांची माणसे असतील तर माळा उघडताच त्यांचा जीव घाबरा होतो आणि पुढचे सगळे काम थांबते. ज्यावर कुणाचा जीव नाही तिथून सुरुवात करावी. मुदत संपलेली औषधे, मसाले, रिकाम्या बरण्या, झाकण हरवलेले डबे. दोन दिवसांत तीन-चार पिशव्या बाहेर जातात आणि घर हे काम करायला शिकते.

दुसरे, त्यांच्यामागे काही काढू नका. एक वस्तू गुपचूप गेल्याचे कळले की बाकीची दहा कुलपात जातात. टेबलावर परात ठेवा, तिच्यात २०-२५ वस्तू. त्यांना खुर्चीवर बसवून, सकाळी, दीड तास. "हे टाकू का?" असे विचारू नका. "हे कुणाला द्यावे?" असे विचारा. द्यायचे नाव त्यांनी घेतले की वहीत लिहा आणि त्याच संध्याकाळी त्या माणसाला फोन लावून द्या. त्यांनी स्वतः सांगू दे.

उंबरठा

शशिकलाताई, मान्य. मोठी माणसे असलेल्या घरात कागदानंतर आधी तुम्ही म्हणता तेच करावे, आणि माळा २० व्या दिवसाच्या सुमारास उघडावा. त्यापुढे मात्र ढकलू नये. घंगाळाला घर शोधायला तीन आठवडे सहज जातात.

भावंडांच्या हिश्शाच्या वस्तूंचे फोटो काढून गटावर टाका, प्रत्येकाला अंक द्या आणि १५ दिवसांची तारीख घाला. "मला हवे" म्हणणाऱ्याने त्याच तारखेपर्यंत न्यायचे किंवा कुरिअरचा खर्च द्यायचा.

मधुरा_ठाणे

शेवटच्या दिवशीचे काही राहते का? आणि देवांचे जुने फोटो?

शशिकला_नाशिक

फोटोंची चौकट उघडा. काच आणि लाकूड भंगारात. कागद हळद-कुंकू वाहून, नमस्कार करून बादलीत भिजवा. दोन दिवसांत लगदा होतो, तो कुंडीतल्या मातीत मिसळा. प्लॅस्टिकचा थर दिलेला फोटो भिजत नाही, तो निर्माल्य संकलनात द्या. नदीत चौकटीसकट सोडू नका.

रंधा

शेवटच्या दिवशी: वीज मीटरचे शेवटचे वाचन फोटोसह, त्यात तारीख दिसली पाहिजे. पाइप गॅस तोडल्याची पावती. सिलिंडर परत करणार असाल तर जोडणीचे व्हाउचर लागते, अनामत त्यावरच मिळते. ते कागद काढतानाच बाजूला ठेवा. मग रिकाम्या प्रत्येक खोलीचा एक फोटो, माळ्याचाही. माळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बॅटरीचा झोत मारून बघा. पाटे-वरवंटे तिथेच राहतात.